तळघरातली हजेरी

आमच्या इस्पितळाच्या तळघरात रोज सकाळी सव्वादहाला हजेरी व्हायची. माणसांची नव्हे. माणसांसाठी वर दारातच अंगठ्याचं यंत्र होतं आणि त्याला सगळे मनसोक्त फसवायचे. तळघरातली हजेरी संगणकांची, आणि तीही डोळ्यांना न दिसणाऱ्या संगणकांची. ती घ्यायच्या मेश्राम मॅडम. अंगात मरून रंगाचा स्वेटर, चष्म्याला काळी दोरी, समोर लांबुळकं रजिस्टर, आणि आवाज असा की वर ओपीडीत नंबर लावून बसलेले लोक आपलंच नाव पुकारलं समजून उठून उभे राहायचे.

"पार्बता?"

कीबोर्डवर टकटक. पडद्यावर काहीतरी उमटायचं. मॅडम वाकून वाचायच्या आणि रजिस्टरात टिक करायच्या.

"हजर. धोंडबा? ...धोंडबा, उत्तर दे ना गा. ...हं. हजर."

मी पुण्यात दोन वर्षं नोकरी करून परत आलेलो, कामठीहून शेअर ऑटोनं येणारा, गळ्यात नवीकोरी ओळखपत्राची पट्टी. पहिल्याच दिवशी हा प्रकार बघितला आणि मनात म्हटलं, काळबांडे, फसलास. बाई हललेली आहे आणि तुला हिच्या हाताखाली काम करायचं आहे.

हे दिसत नसलेले संगणक म्हणजे काय, ते आमच्या संचालक डॉक्टरांनाही नीट कळत नव्हतं. मॅडमनी त्यांना माझ्यासमोर सांगितलं होतं. "डॉक्टरसाहेब, या कपाटात चार मोठे संगणक हायत. त्याले चाळ समजा. चाळीत साठेक बिऱ्हाडं. प्रत्येकाले वाटते आपलं सवतं घर हाय. त्यायलेच व्हर्च्युअल मशीन म्हणते."

"आणि ते क्लाऊड?"

"काही बिऱ्हाडं हैद्राबादले भाड्यानं राहाले गेली. घर दुसऱ्याचं, माणसं आपली. बस."

डॉक्टर समाधानानं मान हलवून गेले. मी पुण्याला या विषयाचा तीन महिन्यांचा कोर्स केला होता, त्यात इतकं सरळ कोणी सांगितलं नव्हतं. तरी मी ते तेव्हा कबूल केलं नाही.

मशिनींना नावं मॅडमनीच दिली होती, आणि सगळी त्यांच्या भिवापूरच्या आळीतली. एक्स-रेचे फोटो साठवणारा बकाराम, कारण गावचा बकाराम पंगतीत बसला की उठायचा नाही आणि हाही कितीही जागा दिली तरी आणखी मागायचा. औषधांचा साठा बघणारी तुळसा, कारण ती खरी तुळसा घरात कणीक किती उरली हे डब्याला कान लावून सांगायची. आणि शेवंता. शेवंतेच्या पोटात आमच्या रक्तपेढीच्या नोंदी होत्या.

शेवंतेबद्दल सांगायलाच हवं. आमच्या भागात सिकलसेलचे रोगी पुष्कळ. त्यांना वरचेवर रक्त चढवावं लागतं आणि होता होता त्यांचं अंग काही प्रकारच्या रक्ताशी वैर धरतं. वैर जुनं झालं की नव्या तपासणीत दिसत नाही, पण तेच रक्त पुन्हा चढवलं की उफाळून येतं आणि माणूस जाऊ शकतो. म्हणून कोणाला कोणतं रक्त चालत नाही याची वर्षानुवर्षांची जंत्री शेवंतेत होती. मॅडम म्हणायच्या, "आमच्या गावची शेवंताबाई अशीच होती. लग्नात वाढाले उभी राहिली की कोणाले वांगं चालत नाही, कोणाले उडीद चालत नाही, सारं पाठ. ती होती तवापर्यंत गावात कोणाच्या अंगावर पित्त उठलं नाही."

तर अशी ही हजेरी. प्रत्येक मशिनीला नुसतं 'आहेस का' विचारून मॅडम थांबत नसत. काहीतरी प्रश्न घालायच्या, ज्याचं उत्तर द्यायला तिला खरंच काम करावं लागेल. तुळसाला विचारायच्या, खोकल्याच्या बाटल्या किती. शेवंतेला विचारायच्या, अमुक एका पेशंटचा रक्तगट काय. मी म्हटलं, मॅडम, मशीन चालू आहे हे कळायला एवढं कशाला लागतं. त्या म्हणाल्या, "हजर म्हणणं सोपं हाय गा. मागच्या बाकावरचा पोट्टा बी दोस्ताची हजेरी लावून देते. सवाल टाकला की समजते कोण बसला हाय."

साठ मशिनी झाल्या की चष्मा काढून पुसायच्या आणि माझ्याकडे वळायच्या. "तू काय खाऊन आला गा आज?" मी म्हणायचो, पोहे. किंवा काही नाही. किंवा, जेवलो मॅडम. त्या मान हलवायच्या, रजिस्टर मिटायच्या आणि हजेरी संपायची. सकाळच्या गप्पा, दुसरं काय.

मॅडम देवमाणूस वगैरे नव्हत्या हेही सांगून टाकतो, नाहीतर लोकांना वाटेल मी आरती ओवाळतोय. महा हट्टी बाई. एक्स-रेवाल्यांनी एकदा न विचारता बकारामला बंद करून चालू केलं, तर तीन वर्षं त्या खात्याशी बोलत नव्हत्या. स्वतःच्या गुडघ्याचा फोटो काढायला बाहेरच्या दवाखान्यात गेल्या. व्हिडिओ मीटिंगमध्ये आपला माईक बंद करणं त्यांना कधी जमलं नाही किंवा त्यांनी जमवलं नाही. बंगलोरचा सल्लागार अर्धा तास बोलला की इकडून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "हा कधीचा बोलून राहिला, पण बोलला काय?" आणि मे महिन्यात, बाहेर डांबर वितळत असताना, तळघरातल्या एसीखाली स्वेटर घालून बसायच्या. त्या गारव्यासाठी आख्खं इस्पितळ काहीतरी निमित्त काढून खाली यायचं. मॅडम प्रत्येकाला विचारायच्या, "काम काय?" उत्तर आलं नाही की दार दाखवायच्या. एकदा खुद्द डॉक्टरांनाच दाखवलं.

मला त्यांच्या हजेरीचा खरंच राग यायचा. चाळीस मिनिटं जायची. मी तिसऱ्या महिन्यात एक मोठा टीव्ही भिंतीवर लावून घेतला. घरच्या आणि हैद्राबादच्या सगळ्या मशिनी एका पडद्यावर, प्रत्येकीसमोर एक दिवा. ठीक असली की हिरवा, बिघडली की लाल. शिवाय रोज प्रत्येकीची नक्कल काढली जायची, म्हणजे बॅकअप, आणि त्याचाही हिरवा दिवा. डॉक्टर बघायला आले, पडद्यावर सगळं हिरवंगार, त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी मॅडमकडे बघितलं. म्हटलं, बोला आता.

त्या टीव्हीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "चांगला हाय. पण याची हजेरी कोण घेते?"

"कोणाची?"

"या टीव्हीची."

मी हसलो.

"आणि दिव्याचं म्हणशील तं, मेलेल्या माणसाचा बी मोबाईल वाजते," असं म्हणून त्या जागेवर जाऊन बसल्या आणि पार्बताला हाक मारली.

पुढच्याच आठवड्यात मी बॅकअपचा अहवाल छापून त्यांच्या टेबलावर ठेवला. शंभर टक्के यशस्वी. त्यांनी नीट वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "उद्या डब्बा आणू नको. मी आणतो तुह्यासाठी." मला बरं वाटलं. म्हटलं, बाई वरमली.

दुसऱ्या दिवशी चार खणांचा पितळी डबा, वर फडकं बांधलेलं, फडक्याला गाठ, गाठीला चिठ्ठी: काळबांडे. उचलला तर चांगला जड. सकाळभर तो माझ्या टेबलावर, आणि मॅडमच्या हातच्या पाटवडीचा रस्सा इस्पितळात प्रसिद्ध. दीड वाजता मी हात धुऊन आलो, गाठ सोडली. पहिला खण रिकामा. दुसरा रिकामा. तिसरा रिकामा, घासून लख्ख. चौथ्यात धुतलेला एक गोटा.

मॅडम समोर पाटवडी खात होत्या. "डब्बा आला?"

"आला."

"टायमावर आला?"

"हो."

"वजन होतं? चिठ्ठी होती? गाठ होती?"

"होती मॅडम."

"मंग जेव ना गा. शंभर टक्के यशस्वी हाय."

पूर्ण दोन मिनिटं त्यांनी मला तसंच बसवलं. नंतर आपला डबा मधे सरकवला आणि म्हणाल्या की बॅकअप झाला असं कागद सांगतो, उघडून बघितल्याशिवाय आत जेवण आहे की गोटा हे कळत नाही. मी पाटवडी खाल्ली, पण धडा काही खाल्ला नाही. उलट चिडलो. भूक लागलेल्या माणसाची थट्टा करू नये, माझं आजही तेच मत आहे.

त्यांचा स्वतःचा एक रिवाज होता. दर शुक्रवारी एखाद्या मशिनीची नक्कल उघडून, एका जुनाट लॅपटॉपवर ती मशीन पुन्हा उभी करून बघायची. त्या लॅपटॉपला कुठलीही तार जोडायची नाही, ना इंटरनेटची ना इस्पितळाची. इतर मशिनी आळीपाळीनं, शेवंता मात्र दर शुक्रवारी. आणि तिची एक नक्कल वेगळ्या डिस्कवर घेऊन, डिस्कला परवलीच्या शब्दाचं कुलूप घालून, ती ठेवायची लोखंडी कपाटात, पत्र्याच्या डब्यात, वर भिवापुरी मिरच्या पसरून.

"मिरच्या कशाला, मॅडम?"

"या कपाटातून स्टेपलर गेलं, कैची गेली, दोन एक्स्टेन्शन बोर्ड गेले. मिरचीच्या डब्ब्याले आजवर कोणी हात नाही लावला."

खरं होतं. सफाईवाल्या मावशींनी एकदाच झाकण उघडलं होतं. त्या दिवशी तळमजल्यापर्यंत शिंका ऐकू आल्या होत्या.

ती डिस्क विकत घ्यायला मी त्यांच्याबरोबर सीताबर्डीला गेलो होतो. दुकानदारानं खोकं पुढे केलं, तर म्हणाल्या, उघड. तो म्हणाला, मॅडम, सील तोडी तो वापस नही होगा. "सील मले भाजीत टाकाचं हाय काय?" त्यांनी त्याला त्याच्याच संगणकाला डिस्क लावायला लावली, ती काठोकाठ भरायला लावली, मग त्यातली एक फाईल उघडून दाखवायला लावली. सव्वा तास. मागे गिऱ्हाइकांची रांग. शेवटी त्या दुकानदारानं स्वतः होऊन दुसरी डिस्क मागवली, कारण पहिली भरताना मधेच अडकली. पैसे देताना म्हणाला, "मॅडम, आप पुलिस में थे क्या?" मॅडम खूश झाल्या. परतताना मला ऊसाचा रस पाजला.

एक आठवडा आठवतो, त्या रोज दोन पोळ्या जास्त आणत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, कणीक जास्त मळली गेली.

त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते तेव्हा मी एक उद्योग केला. डॉक्टरांना रीतसर पत्र लिहिलं. रोग्यांची नोंद मिरचीच्या डब्यात ठेवणं नियमात बसत नाही. शेवंतेलाही आता हैद्राबादला न्यावं. हजेरी आणि शुक्रवारचा रिवाज बंद करावा. नियमाचं कारण खरं होतं. पण मनात दुसरंही होतं, मला ती खोली माझी हवी होती. डॉक्टरांनी सही केली: डिस्क येत्या सोमवारी जमा करून पुसून टाकावी. पत्राची प्रत मॅडमकडे गेली. खाली 'मान्य' लिहायचं असतं. त्यांनी लिहिलं 'वाचलं'. त्या शुक्रवारी नेहमीसारखं शेवंतेला लॅपटॉपवर उभं केलं, नक्कल घेतली, डबा बंद केला.

आणि तो सोमवार उगवला. मी धावपळीत काही न खाता आलो होतो. डिस्क पुसायची म्हणून मीच लवकर आलो होतो, खोटं कशाला बोलू. टीव्हीवर सगळे दिवे हिरवे. मॅडमनी स्वेटर चढवला, रजिस्टर उघडलं.

"पार्बता?"

टकटक. काही नाही.

"धोंडबा?" काही नाही. "तुळसा?"

"मॅडम, सगळं हिरवं आहे," मी म्हटलं. "तुमच्याच कीबोर्डचं काहीतरी असेल."

त्या टीव्हीकडे वळल्या. दिव्यांकडे बघितलंच नाही, थेट वरच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे. "काळबांडे, तुह्या टीव्हीत किती वाजले?"

चार वाजून दहा मिनिटं. रविवारची दुपार.

टीव्ही आदल्या दिवशीच मेला होता. मरताना जो हिरवा चेहरा होता तोच घेऊन भिंतीवर टांगलेला होता. कोणीतरी बाहेरून, इंटरनेटच्या वाटेनं, आत शिरून आमच्या एकेका मशिनीला कुलूप घातलं होतं, आणि पहिलं कुलूप रविवारी त्या दिवे दाखवणाऱ्या मशिनीलाच, बाकीच्यांना त्या सकाळी. हैद्राबादच्या मशिनींनाही. बॅकअपलाही, कारण घरच्या, बाहेरच्या आणि बॅकअपच्या सगळ्यांना मिळून मी एकच किल्ली, म्हणजे एकच पासवर्ड, केली होती, सोय म्हणून. मी खुर्चीत बसलो ते उठेना.

तेवढ्यात रक्तपेढीच्या सिस्टर ढोक जिना उतरून आल्या. उमरेडकडची एक सिकलसेलची मुलगी बाळंतपणाला आली होती, रक्तस्राव होत होता, रक्त लगेच हवं होतं. "तिची जुनी नोंद उघडत नाही हाय. नवी तपासणी ठीक आली, पण आधी चारदा रक्त चढवलं हाय तिले. काही वैर असंल तं?" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "किती वेळ लागते?"

मी मॅडमकडे बघितलं.

मॅडम उठल्या. कपाट उघडलं, पत्र्याचा डबा काढला, हातानं मिरच्या बाजूला केल्या. मला शिंका आल्या, सिस्टरांना आल्या, त्यांना मात्र एकही नाही. जुनाट लॅपटॉप, डिस्क, परवलीचा शब्द. लॅपटॉप उठायला वेळ घेत होता. मी म्हटलं, "मॅडम, तो उठेल ना?" त्या म्हणाल्या, "शुक्रवारी उठला होता. तू घरी गेला होता तवा." एवढंच. तेवढं पुरे होतं.

पडद्यावर खिडकी उघडली. मॅडमनी त्या घाईतही हाक मारलीच, पण आवाज नेहमीचा नव्हता. "शेवंता?" आणि मुलीचं नाव टाकलं.

उत्तर आलं. सहा वर्षांपूर्वी एका प्रकारच्या रक्ताशी वैर धरल्याची नोंद. नेमकं तेच रक्त वर तिच्यासाठी काढून ठेवलं होतं. सिस्टर ढोक जिन्यावरून जशा धावल्या तसं साठीच्या घरातल्या बाईला धावताना मी पाहिलं नाही. मॅडमनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. "लिव. शेवंता, हजर." मी घाईत ओढलं, ते अक्षर अजून तसंच वेडंवाकडं आहे. दुपारी वरून निरोप आला: मुलगी झाली, दोघी ठीक.

बाकीचं सावरायला अकरा दिवस लागले. बकारामचे बरेच फोटो कायमचे गेले. मॅडमनी त्या अकरा दिवसांत माझ्या पत्राचा विषय काढला नाही. डॉक्टरांनी काढला तेव्हा म्हणाल्या, "मिरचीचं त्याचं बरोबर होतं. चांगली तिजोरी घ्या." मी त्यापेक्षा शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं झालं असतं.

निवृत्तीच्या दिवशी वर समारंभ झाला, श्रीफळ झालं, शाल झाली. मॅडमना बोलायला सांगितलं तर म्हणाल्या, "कार्यक्रम चांगला झाला. वरचा पंखा आवाज करून राहिला, त्याले पाहून घ्या." मग खाली येऊन त्यांनी रजिस्टर माझ्या हातात ठेवलं, पिशवी उचलली आणि जिना चढून गेल्या.

मी रजिस्टर उघडलं. ते तोवर मी कधी हातात धरून वाचलंच नव्हतं. त्या सोमवारीही एक ओळ लिहून परत दिलं होतं. प्रत्येक पानावर साठ नावं, आणि सर्वांत खाली, शाईऐवजी पेन्सिलीनं, आणखी एक. काळबांडे. रोज. मी लागलो त्या दिवसापासून.

'पोहे. हजर.' 'काही नाही. हजर, पण उपाशी.' 'जेवलो म्हणते. खोटं.' कामठीतलं माझं ठरलेलं लग्न मोडलं तो आठवडा मी शोधला. इस्पितळात मी कोणाला सांगितलं नव्हतं. 'पोहे. वरून हिरवा. ठीक नाही हाय. पोळ्या दोन जास्त.' पुढचे पाच दिवस तेच. मी पत्र दिलं त्या दिवशी: 'पोहे. डोळे चुकवते.' आणि त्या सोमवारी, माझ्या वेड्यावाकड्या शेवंतेच्या खाली: 'विचारलं नाही. चेहऱ्यावरून उपाशी. हजर.'

मी रजिस्टर घेऊन धावत वर गेलो. मॅडम फाटकाबाहेर ऑटोत बसत होत्या. एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं आणि त्यांच्या अंगात तो मरून स्वेटर तसाच, काढायचा विसरल्या होत्या. ऑटोवाला त्यांच्याकडे बघत होता.

मी ऑटोची दांडी धरली. आभार मानायचे होते, माफी मागायची होती, तोंडातून निघालं भलतंच. "मॅडम, तुम्ही काय खाऊन आल्या आज?"

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, रस्त्याकडे बघितलं. "पोटभर खाल्लं गा. काहून?"

"काही नाही," मी म्हटलं. ऑटो व्हरायटी चौकाच्या दिशेनं गेला. मी फाटकाशीच रजिस्टर गुडघ्यावर ठेवलं, पेन्सिल काढली आणि शेवटच्या पानावर माझ्या नावाखाली लिहिलं: मेश्राम मॅडम. पोटभर म्हणते. खोटं.